काळ्या पात्याची सुरी

अक्षय कोलाडजवळच्या एका कॅम्पवर पाहुण्यांना नदी आणि जंगल दाखवायचं काम करायचा. कमरेला काळ्या पात्याची सुरी. ती त्याने पेणला, रामवाडीतल्या दुकानातून हौसेने घेतली होती. दोर कापून, बांबू तासून, रोज म्यानातून काढ-घाल करून धारेजवळचा काळा रंग उडाला होता. खालचं पोलाद चमकत होतं.

एका सकाळी कॅम्पवर सोबत काम करणाऱ्या ऋत्विकने पाहुण्यांसमोर ती सुरी उचलली. "बघा, डुप्लिकेट माल! कोळसा फासून दिली याला!"

सगळे हसले. अक्षयने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ऋत्विकचा ओठ फुटला, शर्टावर रक्त सांडलं. मॅनेजरने अक्षयला तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं.

तो घरी गेलाच नाही. मोटारसायकल थेट पेणला नेली. नागोठणं मागे पडलं तरी ते हसणं कानातून जाईना.

दुकानात काउंटरमागे दुकान चालवणारी दिपिका होती, आत तिचा भाऊ नितेश खोकी लावत होता. अक्षयने सुरी काउंटरवर आपटली. "फसवलंत मला. रंग गेला."

दिपिकाने पातं उजेडात धरलं. "दादा, हा वरचा थर हाय. वापरलेल्या सुरीचा जातोच. गंज नाय, धार चांगली हाय. थोडं तेल लावत जा."

"म्हणजे मी येडा?"

"तसं कोण बोललं?"

ती शांतपणे बोलली, तेच त्याला झोंबलं. त्याने काउंटरच्या काचेवर लाथ घातली. काच फुटून दिपिकाच्या पायावर पडली. ती किंचाळली. नितेश धावत आला आणि त्याने अक्षयची कॉलर धरली. अक्षयने सुरी उचलली. घाबरवायचं होतं, असं तो नंतर सांगत राहिला. पण हात फिरला, आणि पातं नितेशच्या मनगटाच्या वर खोल गेलं.

रक्त उसळून काउंटरवर आलं. नितेश खाली बसला. अक्षयच्या हातून सुरी गळाली.

"बघतोस काय, दाब!" दिपिका ओरडली. तिने ओढणी फाडून नितेशच्या दंडाला आवळली. अक्षय गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. रिक्षातही त्याने हात काढला नाही. दवाखान्यात पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, "सुरी मीच मारली."

काही महिन्यांनी पेणच्या कोर्टाबाहेर तिघं समोरासमोर आली. जामिनावर सुटलेल्या अक्षयला कॅम्पवर परत घेतलं नव्हतं. दिपिकाने तोंड फिरवलं. तो नितेशजवळ गेला.

"हात कसा हाय?"

नितेशने मूठ वळायचा प्रयत्न केला. दोन बोटं ताठच राहिली.

"एवढाच मिटतो," तो म्हणाला, आणि बहिणीसोबत पायऱ्या चढून आत गेला.