खडूची रेघ

शिंप्याने निवडुंगाभोवती कॅनव्हासची पट्टी गुंडाळली, डाव्या हाताने ती घट्ट धरली आणि उजव्या हाताने कुंडी हळूच खाली ओढली. झाड इतक्या सहज सुटून आलं की तोच दचकला. मुळं नव्हतीच. त्यांच्या जागी काळपट, चिकट लगदा होता आणि त्याला कुबट वास येत होता.

"गेलंय ना?" पलंगावरून बायकोने विचारलं.

"बुडाशी मऊ लागतंय. थोडंसंच."

"थोडंसंच म्हणे! रोज पाणी पाजलंत त्याला, मग दुसरं काय होणार?"

ती हॉस्पिटलात होती तेव्हाची ही करामत. आयुष्यात कधी झाडांकडे ढुंकून न पाहिलेला हा माणूस रोज सकाळी पेला घेऊन खिडकीशी उभा राहायचा. ती घरी नाही, तर निदान तिच्या झाडांना काही कमी पडायला नको, एवढंच त्याच्या मनात. खिडकीतले निवडुंग एकेक करून माना टाकत गेले. हा शेवटचा उरला होता, सगळ्यांत जुना, हातभर उंच.

मुलीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जाड वाळू आणि विटेचा चुरा कालवून ठेवला होता. नवी कुंडी धुऊन पालथी घातली होती.

"बाबा, आता वरचा चांगला भाग कापून घ्यायचा. काप सुकला की लावायचा. आत तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर जायचं."

शिंप्याने सुरी घेतली आणि बोटभर जाडीची चकती कापली. मधोमध तपकिरी ठिपका. त्याने आणखी एक कापली, आधीपेक्षा पातळ. ठिपका होताच.

"बाबा, जरा वर जा ना. असं काय चिंचोक्याएवढं कापताय!"

"कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं की संपलं."

दुकानात उभं आयुष्य त्याने हेच केलं होतं. हा रुमालातून झबलं काढेल, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि ते ऐकून त्याला कोण आनंद व्हायचा. बायकोचा पाय सडू लागून कापायचं निघालं तेव्हाही त्याने डॉक्टरांपुढे हात जोडले होते, जितकं वाचेल तितकं वाचवा म्हणून. डॉक्टर घोट्याच्या वरून म्हणत होते; हा अंगठ्यावर अडून बसला. मग अर्धं पाऊल गेलं. मग गुडघ्याखाली. प्रत्येक वेळी तिला भूल, प्रत्येक वेळी नवे टाके, आणि टाके सुकायच्या आत पुन्हा तोच वास. उद्या मांडीतून कापायचं ठरलं होतं, आणि यातून तरी निभावेल असं डॉक्टर काही छातीठोकपणे सांगत नव्हते.

वर्तमानपत्रावर चकत्या साचत गेल्या. हातभर झाड वीतभर झालं, मग मुठीत मावेल एवढं.

"अहो, सुरी पुसताय ना प्रत्येक वेळी?" बायकोने विचारलं.

शिंप्याचा हात थांबला. पातं चिकट झालं होतं.

"पुसायची असते?"

"मग? स्पिरिटने. नाहीतर खालची सड तुम्हीच वर नेताय."

स्पिरिटची बाटली तिच्या उशाशीच होती, ड्रेसिंगच्या कापसाशेजारी. मुलगी ती घ्यायला उठली आणि मध्येच थांबली.

"तुमचं हे असंच असतं, बाबा! तेव्हाच डॉक्टरांचं ऐकलं असतं तर आई आज काठी घेऊन का होईना, चालत असती!"

शिंप्याने मान खाली घातली. हे वाक्य तो स्वतःला रोज ऐकवत होता. दुसऱ्याच्या तोंडून ते आज पहिल्यांदा आलं, आणि त्याचा जीव अर्धा झाला.

"त्यांना बोलू नकोस," बायको म्हणाली. "मीही हो म्हणत गेले. मलाही माझा पाय हवाच होता की. आणा इकडे ते झाड नि सुरी. इथं पडून उंटावरून शेळ्या हाकायचा कंटाळा आला."

तिने पातं स्पिरिटने पुसलं, वाळू दिलं आणि उरलेल्या झाडाचा शेंडा एका झटक्यात उडवला. एवढासा तुकडा, शिवताना शिंपी बोटात घालायचा त्या टोपणात मावला असता. तिने तो पालथा करून उजेडात धरला. हिरव्या गराच्या मधोमध ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा.

"अजून थोडं..." शिंपी पुटपुटला.

"अजून थोडं कुठून, अहो? झाडच संपलं."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने सुरी पुन्हा पुसली आणि बाजूला ठेवली.

"मी उद्या जाणार नाही."

"आई!"

"झाडाकडे बघून नाही म्हणत गं. कधीची मनात घोळवतेय. डॉक्टरांशी मीच बोलेन. दुखणं सोसवेल एवढं औषध मागेन. पण आता मला कापून घ्यायचं नाही." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही फक्त हो म्हणा."

  मुलगी पलंगाशेजारी रडत उभी राहिली. शिंप्याने चकत्यांसकट वर्तमानपत्राची पुरचुंडी केली, केराच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि मशीनपाशी जाऊन बसला.

मशीनवर बायकोचा पायजमा पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली दुमडून शिवलेला. त्याच्या बराच वर त्याने सकाळीच, तिच्या अंगावर माप घेऊन, निळ्या खडूने रेघ मारून ठेवली होती. उद्यानंतर तिथून दुमडायचं होतं.

तो अंगठ्याने रेघ घासू लागला. खडू लवकर निघेना. त्याने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि पुन्हा घासलं.

"काय करताय?" पलंगावरून तिने विचारलं.

"रेघ पुसतोय," तो म्हणाला.