परताव्याऐवजी दार

टूरवाल्यांनी आमचे पैसे परत दिले नाहीत, त्याऐवजी दार दिलं. महामारीमुळे एप्रिलची मनाली रद्द झाली. मग मे महिन्यात, अकोल्यात रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं तेव्हा, त्यांचा तायडे नावाचा माणूस मास्क लावून सुताराला घेऊन आला आणि हॉलमध्ये, टीव्ही आणि फ्रिजच्या मधल्या भिंतीत, दार बसवून मोकळा झाला. दार देवदाराचं होतं, कडी पितळेची. भिंतीपलीकडे तिसऱ्या मजल्यावरून सरळ खाली सोसायटीचं पार्किंग.

"हे तुमचं व्हाउचर," तायडे म्हणाला. "सहली सुरू झाल्या की आपोआप उघडेल."

"मला दार नको, पैसे पाहिजेत," मी म्हणाले. "डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

"परतावाही मिळतो मॅडम. अर्ज करा. मंजूर झाला की तुमची सही घेऊ आणि दार काढून नेऊ. दोन्ही नाही ठेवता येत."

मी अर्ज करणारच होते. पण तोवर मथुराआत्याने दाराला कान लावला होता.

मथुराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या वसतिगृहात, टिनाच्या छपराखाली, भट्टीपुढे उभं राहून तिचं सगळं आयुष्य पोळ्या करण्यात गेलं. आमच्याकडचा उन्हाळा आणि वर ती भट्टी! स्वतःसाठी तिने जन्मात एकच गोष्ट मागितली होती, एकदा बर्फात उभं राहायचं. बुकिंग माझ्या नावावर होतं, पण सहल तिची होती.

"आत नदी हाये वं," ती म्हणाली. "गोटे वाजून राह्यले."

"आत्या, पलीकडे पार्किंग आहे."

"असंल. पण नदीबी हाये."

संध्याकाळपर्यंत दाराखालच्या फटीतून इतका गार वारा यायला लागला, की मी कपाटातून शाल काढली. मे महिन्यात! शेजारच्या इंगळेकाकू पहिल्या आल्या, माठ घेऊन. मग अख्खी सोसायटी. माणसं मास्क लावून जिन्यात लांब लांब उभी राहायची आणि आपापला माठ दारापुढे ठेवायला द्यायची. तिच्या जागी मी असते तर तिकीट लावलं असतं, खोटं कशाला बोलू? आत्या मात्र प्रत्येकाला "बसा ना बाप्पा घडीभर" म्हणायची. इतकी वाट पाहिलेली सहल अशी लोकांना वाटून टाकायला मोठं काळीज लागतं. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि मी अर्जाचं नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर तायडे टेप घेऊन आला. त्याने दार मोजलं. ते माझ्या खांद्याला लागत होतं. वरची भिंत आपोआप भरून आली होती, रंगासकट.

"मुदत वाढवून दिली आहे," तो म्हणाला. "मुदत वाढली की दार थोडं आटतं. नियमात आहे."

"आटायला ते काय मांजरपाट आहे?"

तायडेने शांतपणे चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला. पुढच्या मुदतवाढीला दार माझ्या कमरेला आलं.

आणि तेव्हाच माझं आत्याकडे लक्ष गेलं. गॅसपाशी तिला स्टूल लागत होतं. लुगड्याचा घोळ कमरेशी खोचून खोचून गाठोड्याएवढा झाला होता. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी उंची घेतली आणि वयाप्रमाणे होतं म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या.

"डॉक्टरले काय समजते?" घरी आल्यावर आत्या म्हणाली. "मी मुद्दाम आटून राह्यली."

"मुद्दाम?"

"मंग! दार थांबते का माह्यासाठी?"

रोज सकाळी ती दाराला पाठ लावून उभी राहायची, डोक्यावर हात ठेवायची. हात चौकटीला अडला तर जमिनीवर मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि उठायची तेव्हा मापात असायची. मी रागावले, रडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण खरं सांगते, मनातून मी थक्क झाले होते. मला साधं वजन कमी करता येत नाही, आणि ही बाई हाडं आवरत होती.

तिसऱ्या दिवशी तिच्या नकळत मी परताव्याचा अर्ज केला. पैशांसाठी नाही हो. दार गेलं की ती आटायची थांबेल, एवढंच. मला माझी आत्या हवी होती, उरली असेल तेवढी.

ती माझ्या गुडघ्याला आली. दिवाणाच्या उशीवर झोपायची, वाटीत जेवायची आणि तिथून, खालून, मला ओरडायची, "कणीक सैल झाली तुयी!" मी तिला माझ्या लोकरी मोज्याचा स्वेटर करून दिला. दार आता चहाच्या ट्रेएवढं होतं.

अर्ज मंजूर झाला. तायडे पैशांचं पाकीट, कागद आणि पेचकस घेऊन आला. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि त्याच क्षणी दाराची कडी आपोआप पडली.

"सहली सुरू झाल्या वाटतं," तायडे म्हणाला.

हॉलभर पांढरा उजेड पडला. आत्या स्वेटर घालून तयारच होती. तिने कागद पाहिला, पेचकस पाहिला.

"तू पैसे मांगतले?"

"तुझ्यासाठी गं, आत्या. तू संपून जाशील."

"माहीत हाये मले." तिने माझ्या पोटरीवर थोपटलं. "रडू नको. पाहून येतो."

आणि मान जराही न वाकवता ती चौकटीतून आत गेली. काय माप साधलं होतं बाईनं!

मी जमिनीवर आडवी झाले. आत खरोखर नदी होती आणि काठाच्या बर्फात आत्या उभी होती, दोन्ही पाय रोवून. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, सही करा," तायडे म्हणाला. "सही झाली की सहल झालीच नाही असं धरतात. गेलेलं माणूस परत येतं. फक्त दार मिटायच्या आत करा."

मी आत हात घातला. "आत्या, चल!"

"सही उजव्या हाताने लागते," तायडे म्हणाला.

आत होता तो उजवाच. आत्या धावत आली. तिने माझ्या तळव्यावर बर्फाचा गोळा ठेवला आणि आपल्या इवल्या हातांनी माझी बोटं एकेक करून मिटवली.

"धर," ती आतून म्हणाली. "घट्ट धर."

दार आटत आटत चौकट माझ्या मनगटाला टेकली. तायडे कागद घेऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"मूठ सोडा मॅडम. मिटलेली मूठ यातून बाहेर येणार नाही."

गारठ्याने माझी बोटं ठणकत होती. मी मूठ आणखी आवळली.