शीलाने निवडलेलं ह्यूस्टन

शुक्रवारी दुपारी उदय आणि शर्मिला छोट्या पारूला घेऊन हॉटेल निवडायला सुरेशच्या घरी आले. आखातातल्या खफजी गावच्या तेल कंपनीतून उदयला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी अमेरिकेत ह्यूस्टनला पाठवत होते, बायको-मुलीसकट. हॉटेल ज्याचं त्यानं ठरवायचं आणि उद्या ऑफिसात नाव द्यायचं. कंपनीच्या वसाहतीतल्या मराठी माणसांत ह्यूस्टन पाहिलेला एकटा सुरेश. तीन वर्षांपूर्वी तो तिथे दोन महिने राहून आला होता.

त्याने आणलेली हॉटेलांची रंगीत पत्रकं त्याच्या बायकोने, शीलाने, जपून ठेवली होती. त्यातलं एक तिचं होतं. छोटंसं हॉटेल, खोलीतच ओटा आणि शेगडी. बाहेर फुटपाथवरून एक बाई पिशवी घेऊन चाललेली. एकटी. त्या ओट्यावर शीलाने मनातल्या मनात कितीदा तरी पोळ्या लाटल्या होत्या. शर्मिला येणार म्हटल्यावर तेवढं पत्रक तिने कपाटात साड्यांखाली सरकवलं आणि बाकीची टीपॉयवर मांडली.

"वहिनी, तिथे थंडी फार असते का हो? पारूला स्वेटर विणायला घेतलाय," शर्मिला म्हणाली.

"मला काय माहीत? मी कुठे गेलेय?"

शर्मिला जराशी ओशाळली. मग सुरेशकडे वळून तिने विचारलं, "भावजी, यातल्या कुठल्या हॉटेलची बायकांची बस रोज सुटते? तेच घेऊ."

खफजीत बायकांना बाजारात न्यायला कंपनीची बस यायची, आठवड्यातून दोनदा. ती चुकली की घरात बसायचं; बाईला एकटीने बाहेर पडायची सोय नव्हती.

सुरेश खो खो हसला. "अहो, बस कसली! दार उघडायचं आणि चालू लागायचं. कोणी विचारत नाही."

"एकटीने?" शर्मिलाचा चेहरा उजळला. शीलाचं लक्ष त्या चेहऱ्याकडेच होतं; ती ओतत असलेला चहा कपातून बशीत आणि बशीतून ट्रेमध्ये गेला.

पत्रकं चाळून झाली. "पण कुठेच शेगडी दिसत नाही," शर्मिला म्हणाली. "आमच्या पारूला वरणभाताशिवाय घास उतरत नाही."

"एक होतं ना गं शीला, ओटा असलेलं?"

"सापडत नाही."

"असेल, बघ ना जरा."

"नाही म्हटलं ना!"

मग उरलं ते एक उंच हॉटेल. त्याच्या चित्रावर बोट ठेवून पारूने विचारलं, "बाबा, इथे मऊ भात देतात?"

"तू तिथे काय खायचास रे?" उदयने सुरेशला विचारलं.

"ब्रेड आणि उकडलेली अंडी. दोन महिने!"

"मग वहिनींना न्यायचंस की. तिकीट तेव्हाही दोघांचं मिळायचं."

शीलाने ट्रे पुसता पुसता वर पाहिलं. कंपनी बायकांना पाठवत नाही, असं सुरेशने तिला तेव्हा सांगितलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं.

"अगं, तू कंटाळली असतीस तिथे," सुरेश पत्रकं उगाच सारखी करत म्हणाला. "मी दिवसभर ऑफिसात."

"आणि इथे दिवसभर कुठे असता?"

ती आत गेली. साड्यांखालचं पत्रक काढून परत आली आणि ते शर्मिलाच्या हातात दिलं. हेवा गेला नव्हता; शर्मिलाची बोटं त्या ओट्याच्या चित्रावरून फिरली तेव्हा पत्रक परत ओढून घ्यावंसं तिला वाटलंच. पण राग आता सुरेशच्या खुर्चीकडे वळला होता.

"हे घ्या. रस्त्याकडची खोली मागा," ती म्हणाली. "उदयभावजी, पाहुणं माणूस राहू देतात का तिथे?"

"का नाही? या ना वहिनी! पारू खूश होईल."

"येते. महिनाभर तरी."

"एकटी?" सुरेशने विचारलं.

"एकटी. इथे देशाबाहेर पडायच्या अर्जावर नवऱ्याची सही लागते, म्हणून कानावर घालतेय. विचारत नाहीये."