रविवारपर्यंतचं पिल्लू

सासऱ्यांनी अट घातली तेव्हा पिल्लू अजून टोपलीतच होतं.

"रविवारपर्यंत ठेव," ते म्हणाले. "तोवर ठकीच्या अंगावर एक जरी ओरखडा उठला तरी हे परत जाईल. आणि रविवारी तो आला की शेवटचा शब्द माझा."

तो म्हणजे माझा नवरा. ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता. ठकी म्हणजे सासऱ्यांची काळी मांजर. सासूबाई गेल्या त्याच वर्षी ती खिडकीतून घरात आली आणि थेट सासऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसली. तेव्हापासून घरात तिचाच हुकूम चालतो.

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लहानपणापासून मला कुत्रं हवं होतं. आई म्हणायची, सासरी गेलीस की पाळ. सासरी आले तर तिथे मांजर आधीच गादीवर बसलेली. इतकी वर्षं मी कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी एका गिऱ्हाइकाच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं सगळ्यात मरतुकडं, गडद तपकिरी रंगाचं एक माझ्या पायाला येऊन चिकटलं. मी कुणाला न विचारता ते घेऊन आले.

"नाव ठेवायचं नाही," सासरे म्हणाले. "नाव ठेवलं की माया लागते."

माया लागायची ती आधीच लागली होती. मनातल्या मनात मी त्याला टण्या म्हणायला लागले होते.

मी जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवीन गाद्या, नवीन कापड चढवते. दुकान नाही, घराचा हॉल हेच दुकान. त्यामुळे आमच्या हॉलची मांडणी रोज बदलते. आज दाराशी उलटा पडलेला सोफा, उद्या तिथे चार खुर्च्या, परवा नुसत्या स्प्रिंगा. पाहुणे वैतागतात. सासऱ्यांनी मात्र कधी तक्रार केली नाही. ठकीच्या मागोमाग त्या पसाऱ्यातून ते आरामात स्वयंपाकघरात जायचे, तिला दूध द्यायचे, स्वतः चहा घ्यायचे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आधी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं. एकाचं अंथरूण दुसऱ्याला वास घ्यायला द्यायचं. मग मध्ये अडसर ठेवून लांबून भेट, आणि सगळ्यात शेवटी, पट्टा बांधून, एका खोलीत. "घाई केलीत तर जन्माचं वैर," त्या म्हणाल्या. "आणि मांजरीच्या गळ्यात घुंगरू असेल तर काढा. आवाज आला की पिल्लू मागे धावणार."

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या घरात ती सोडायची कुणी, यावरून महाभारत झालं.

"घुंगरू राहू दे," सासरे म्हणाले.

"का पण?"

"राहू दे म्हटलं ना. चिमण्या मारते ती."

"बाबा, तिनं शेवटची चिमणी मारली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं."

ठकी त्यांच्या मांडीवर होती. माझ्या हातात कापड कापायची कात्री होतीच. मी वाकले आणि दोरी कापून टाकली. एरवी मला 'पोरी' म्हणणारा माणूस रागावला की 'सूनबाई' म्हणतो.

"सूनबाई, हे चांगलं नाही केलंस."

मला वाटलं, पहिली लढाई मी जिंकली.

मागच्या खोलीच्या दाराला मी कमरेएवढी फळी बसवली आणि तिला कडी लावली. टण्या आत. ठकीनं एकदा फळीवरून वाकून खाली पाहिलं. कान मागे गेले, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगली, आणि घशातून असा काही आवाज आला की मीच दोन पावलं मागे सरकले. मग ती हॉलमधल्या कपाटावर चढली ती चढलीच. जेवायला तेवढी खाली यायची, तेही मी टण्याला बाहेर फिरवायला नेलं की.

आणि मग एकेक प्रकार सुरू झाले.

एका दुपारी मी बाजारातून फोम घेऊन आले तर फळीची कडी नुसती टेकवलेली आणि टण्या हॉलच्या मधोमध. कपाटावर ठकी उडी घ्यायच्या बेतात. मी त्याला मानेला धरून उचललं, नाहीतर तिथेच सगळा निकाल लागला असता. सासरे आरामखुर्चीत बसलेले.

"बाबा, कडी कुणी काढली?"

"मी त्याला पाणी ठेवून आलो. लावली की कडी."

"ही अशी लावतात?"

दुसऱ्या दिवशी टण्याची पाण्याची वाटी लाथाडलेली. त्यानंतर ठकीचं दूध फळीच्या आतल्या बाजूला, टण्याच्या नाकाखाली ठेवलेलं. मग एकदा टण्या जिवाच्या आकांतानं केकाटला. सासऱ्यांनी त्याच्या पंजावर पाय दिला होता. "मध्ये आलं," एवढंच म्हणाले. नंतर खोलीत जाऊन बसले ते जेवायलाही बाहेर येईनात. ताट आत नेऊन द्यावं लागे.

मी मनाशी म्हटलं, म्हातारा रुसलाय. रुसलाय आणि डावही खेळतोय. ठकीला एक ओरखडा उठला की काम फत्ते. तो उठत नाही म्हणून स्वतः सोय करतोय!

नवऱ्याला फोन केला. "तुझे बाबा मुद्दाम करतात. माझ्या पिल्लाला पाण्यात पाहतात."

"बाबा? ते मुंगीच्या वाटेला जात नाहीत."

"मुंगीच्या नसतील जात. माझ्या जातात."

"मी रविवारी येतोच आहे. तोवर जरा सबुरीनं घे," तो म्हणाला. सबुरी सांगायला ट्रकमध्ये बसून काय जातं!

त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीचे पाय मी दुसऱ्याच्या खुर्चीला ठोकले. कुत्र्याचे पाय मांजरावर आणि मांजराचे कुत्र्यावर म्हणतात ते अगदी खरं करून दाखवलं. कान सतत मागच्या खोलीकडे. कुठे खुट्ट झालं की हातातली हातोडी टाकून धावायचं.

पण डॉक्टरीणबाईंची युक्ती लागू पडत होती. ठकीच्या गोधडीवर टण्या झोपायला लागला. शुक्रवारी ठकी आपणहून कपाटावरून उतरली, फळीपासून हातभर अंतरावर बसली आणि तिनं पंजा चाटला. टण्या पोटावर सरकत पुढे आला, शेपटी हलवली, पण भुंकला नाही. ठकीनं फिस्कारलं, तरी ती हलली नाही. मला इतका आनंद झाला की ठोकायला तोंडात धरलेले खिळे गिळायचेच बाकी होते.

शनिवारी दुपारी एक गिऱ्हाईक खुर्ची न्यायला आलं. जिना अरुंद, खुर्ची जड, म्हणून मी एक बाजू धरून खाली गेले. जाताना कडी दोनदा तपासली. हॉलमध्ये एक सोफा आडवा पडला होता आणि त्याच्यावर बारीक खिळ्यांचं डबडं होतं. सासऱ्यांना दारातूनच ओरडून सांगितलं, "बाबा, फळीला हात लावू नका हं!"

वर आले तेव्हा दारातच थबकले.

फळी उघडी होती. खिळ्यांचं डबडं पालथं पडलं होतं आणि सगळ्या फरशीवर खिळे पसरले होते. कोपऱ्यात, सोफा आणि भिंत यांच्यामध्ये, ठकी अडकली होती. पाठीची कमान, कान डोक्याला चिकटलेले, एक पंजा वर. तिच्या समोर टण्या. बावळट शेपटी हलवत होता आणि मध्येच फरशीवरचा खिळा हुंगत होता. या दोघांच्या अलीकडे सासरे, अनवाणी.

"बाबा, हलू नका!" मी म्हणाले. "उजवीकडे खिळे आहेत. डावीकडून मागे या."

ते डावीकडे वळले, पण मागे यायच्या ऐवजी पुढे गेले आणि पाय नेमका खिळ्यांवर पडला. तोंडातून आवाज काढला नाही. फक्त थांबले.

"अहो, समोर आहेत एवढे! डोळे कुठे आहेत तुमचे?"

त्याच क्षणी ठकीनं पंजा मारला. टण्या किंचाळला आणि मागे सरकून सासऱ्यांच्या पायाशी आला. सासरे तसेच खाली वाकले, दोन्ही हात पुढे करून, बोटं पसरून. टण्याच्या डोक्याला त्यांचा हात लागला.

"ठके," ते म्हणाले. "ठके, घाबरू नकोस. मी आहे ना. काही करणार नाही तो तुला."

टण्यानं त्यांचा हात चाटला. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

मी तिथेच उभी. आठवडाभराचं सगळं एका झटक्यात उलटं झालं. नीट न लागलेली कडी, उडालेली वाटी, भलतीकडे ठेवलेलं दूध, टण्याचा पंजा. मी ज्याला डाव म्हणत होते तो डाव नव्हताच. ज्या माणसाला मी आठवडाभर शिव्या घातल्या, त्याला दिसत नव्हतं.

मी आधी टण्याला उचलून मागच्या खोलीत टाकलं. नाकावर लाल रेघ उठली होती, डोळा वाचला होता. ठकी उडी मारून कपाटावर गेली. मग मी लोहचुंबक घेऊन खिळे गोळा केले, सासऱ्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसवलं. त्यांच्या तळपायात दोन खिळे रुतले होते. मी पकडीनं ते काढले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. आधी नुसतं धुरकट होतं. आता तू समोर बसली आहेस एवढं कळतं. तोंड दिसत नाही."

"आणि या पसाऱ्यातून रोज कसे जात होता?"

"ठकीच्या मागून. ती खुर्चीखालून गेली की घुंगरू दबकं वाजायचं. मोकळ्यातून गेली की खणखणीत. मग मीही तिथून जायचो." मग म्हणाले, "ते काढलंस आणि माझी वाट गेली. आज ठकीला शोधत चाचपडत गेलो, हात लागून कडी निघाली."

मला त्यांच्याकडे बघवेना. कापसानं रक्त पुसत राहिले.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं तर ऑपरेशन म्हणाल. तुझ्या सासूबाई एवढ्याशा ऑपरेशनला चालत गेल्या होत्या, पोरी. जाताना मला म्हणाल्या, भात लावून ठेवा, आलेच." त्यांनी माझं मनगट चाचपून धरलं. "त्याला सांगू नकोस. तुला कुत्रं हवंय ना? ठेव. मी उद्या हो म्हणतो. तू हे बोलू नकोस, मी ते बोलतो."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मागच्या खोलीत टण्या फळी ओरबाडत होता. एक शब्द दिला की तो माझा होता. मी शब्द दिला नाही, आणि नाहीही म्हणाले नाही. पाय बांधला आणि उठले.

रविवारी सकाळी नवरा आला. टण्या फळीवर पुढचे पाय टाकून उभा, ठकी सोफ्याच्या पाठीवर, सासरे आरामखुर्चीत, पायात मोजे. नवऱ्यानं दारातूनच हसून विचारलं, "काय, पंच? काय निकाल?"

"ठेवा की," सासरे पटकन म्हणाले. "दोघांचं जमतंय."

त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. डोळे माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे गेले होते. आजवर हे मला कसं कळलं नव्हतं?

"नको," मी म्हणाले. "परत नेऊन दे."

नवरा बघतच राहिला. "अगं, तूच तर फोनवर रडत होतीस!"

"हो. पण पायात येतं ते. या घरात नको." मी फळीची कडी काढली, टण्याला उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. टण्या त्याची हनुवटी चाटायला लागला. मी तोंड फिरवून खुर्चीचं कापड ताणायला घेतलं. ते आधीच ताणलेलं होतं.

नवरा माझ्याकडे बघे, मग बाबांकडे. शेवटी तो दाराकडे वळला. त्याचा बूट फरशीवर वाजला तसे सासरे म्हणाले, "थांब."

ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"ती माझ्यासाठी देतेय ते. तिला मी बोलू नकोस म्हणालो होतो." त्यांनी एक हात खुर्चीवरच ठेवला. "मला दिसत नाही रे. आठवडा झाला, माझ्या घरात कोण आलंय ते मला माहीत नाही. परत नेऊ नकोस. आधी मला डॉक्टरांकडे ने. मग मी त्याला नीट बघतो आणि सांगतो, ठेवायचं की नाही ते."

नवऱ्यानं पिल्लू खाली ठेवलं. इतका मोठा ट्रक चालवणारा माणूस, पण त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"कुठला डोळा, बाबा?"

"दोन्ही," ते म्हणाले आणि आधारासाठी हात पुढे केला. तो कुणासाठी होता ते आम्हाला कळलं नाही, म्हणून आम्ही दोघंही पुढे झालो.