खडीवरची पंगत

नांदूरघाटाकडं जाणाऱ्या सडकेवर निजाम सरकारनं दुष्काळी काम काढलं, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं मिळेल त्या वाटेनं तिथं येऊन पडली. काम एकच होतं. गाड्यांनी आणून टाकलेले काळे दगड हातोडीनं फोडायचे, त्यांची खडी करायची आणि सडकेच्या कडेनं ढीग लावायचे. संध्याकाळी हरिबा मुकादम काठी लावून ढीग बघायचा. ज्याचा ढीग भरला त्याच्या पदरात ज्वारी पडायची. ज्याचा नाही भरला त्याला हरिबा म्हणायचा, "उद्या बघू." असं लागोपाठ झालं की त्या माणसाचा उद्या संपायचा आणि त्याच्या जागी दुसरं कुणी बसायचं. सडकेच्या पलीकडं अशी माणसं ओळीनं वाट बघतच होती.

भिवराबाई आणि तिची सून सत्यभामा एका ढिगाशी बसायच्या. भिवराबाईचा लेक आसाराम बैल जगवायला म्हणून गोदाकाठी गेला होता. तिकडं अजून चारा आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, खरं-खोटं देव जाणे. जाताना त्यानं आपलं सात-आठ महिन्यांचं पोर आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आये, ह्या दोघांकडं ध्यान ठिव." एवढंच बोलून गेला.

त्या दोघांतलं एक आता राहिलं नव्हतं. कामावरचं पाणी गढूळ होतं. पोराला हगवण लागली आणि बघता बघता ते खारकेसारखं वाळून गेलं. राधाकिशन असं मोठं नाव ठेवलेलं ते पोर टोपल्यात मावेल एवढंच होतं. ओढ्याच्या काठाला त्याला पुरलं. कुत्री उकरतील म्हणून वर दगड पाहिजे होते, तर भिवराबाईनं आपल्याच ढिगातली खडी भरून नेली. हरिबा मुकादमानं ते बघितलं, तोंड फिरवलं आणि उगाच दुसऱ्याच कुणावर तरी ओरडला. त्या संध्याकाळी ढीग कमी भरला तरी तो काही बोलला नाही. त्याची माया तेवढीच होती. तशी माया रोज करणं त्याच्याही हातात नव्हतं.

तेव्हापासून सत्यभामा जेवायची थांबली.

मला खायचं नाही, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर भिवराबाईला भांडता तरी आलं असतं. दुपारी भाकरीचा तुकडा हातावर ठेवला की सत्यभामा तो घ्यायची, फडक्यात गुंडाळायची आणि म्हणायची, "मागून खाते, आत्या." तिन्हीसांजेला भिवराबाई फडकं सोडायची तर तुकडा तसाच असायचा, वर मुंग्या लागलेल्या. सकाळी कुठं घोटभर पेज पोटात जायची, तीही भिवराबाईनं तोंडाला भांडं लावलं तर. सुनेची मनगटं इतकी बारीक झाली की हातोडी उचलली की हात हलतोय का हातोडीच हाताला हलवतेय, ते कळेना.

एका सकाळी हरिबा ढिगाशी येऊन उभा राहिला. काठीनं सत्यभामेच्या बाजूची खडी उगाच उकरत म्हणाला, "भिवराबाई, सुनंचा हात चालंना झालाय."

"चालंल की. जरा सबर करा, मुकादम."

"मी लई सबर केली. वरून साहेबाची माणसं येत्यात, मलाच विचारत्यात. ह्या आठवड्याच्या बाजारापातूर बघतो. न्हाईतर तिला उठवून सडकंच्या पल्याड बसव."

पलीकडं बसलेलं माणूस किती दिवस बसून राहतं, ते भिवराबाईनं डोळ्यांनी बघितलं होतं. आसाराम आला आणि म्हणाला, दोघं कुठायत, तर आपण काय दाखवायचं? ओढा? हा विचार मनात आला की तिच्या हातातली हातोडी दगडावर न बसता बोटावर बसायची.

त्याच कामावर पाटोद्याकडची एक छबुबाई होती. बाई तोंडाची फटकळ, अंगानं काटकी, आणि तिच्या घरातलं कोण कोण गेलं हे तिला कुणी विचारायचं नाही, कारण ती एकटीच आली होती. दुपारची सुट्टी झाली, पाण्याच्या पिंपाभोवतीची गर्दी ओसरली की ती कमरेवर खडीचं टोपलं घ्यायची आणि ओरडायची:

"बसा, मंडळी, बसा! मांडी घालून बसा. नवऱ्याकडची हिकडं, नवरीकडची तिकडं. अन् न बोलवता आलेली मधी बसा!"

"मंग समदेच मधी बसू की," म्हातारा आश्रुबा म्हणायचा.

माणसं खरंच ओळीनं बसायची. प्रत्येकानं आपल्यापुढं एक चपटा दगड घ्यायचा, ती पत्रावळ. छबुबाई वाकून वाकून एकेक खडा वाढत जायची.

"ही लापशी. ही वांग्याची भाजी. ही येसराची आमटी, जपून गं माय, लई कढत हाय. आन् तूप, तूप! कुणाला तूप?"

"धार धर की, छबे! थेंब थेंब काय सोडतीस? तुझ्या बापाची म्हैस हाय का?" ओळीतून कुणीतरी ओरडायचं.

"बापाचीच व्हती. तूच चोरून नेलीस न्हवं?"

मग आग्रह चालायचा. बाया पत्रावळीवर आडवा हात धरायच्या, नको नको म्हणायच्या, आणि छबुबाई बोटांच्या फटीतून खडा सोडायची. आश्रुबाकडं रुसलेल्या व्याह्याचं काम होतं. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. तो खडा तोंडाजवळ न्यायचा, गाल हलवायचा आणि एकदम थू करून पटका सावरत उठायचा.

"ह्या भातात खडा हाय! उठा रे समदे! इज्जत घेतली आमची!"

माणसं हसायची. उपाशी माणूस हसतं तेव्हा आवाज फार निघत नाही, नुसते खांदे हलतात. कोरडे ओठ फाटायचे, रक्त यायचं, तरी हसायची.

एकदा हरिबा काठी आपटत आला. "कावून हसायलात? लगीन हाय का हितं?"

"हाय की, मुकादम. तुमचंच पान रिकामं राह्यलंय. या, बसा," छबुबाई म्हणाली.

"अन् सरकारी खडी वाया घालवता?"

"वाया कशी? जेवण झालं की भांडी ढिगावरच टाकतो. घासायचंबी काम न्हाई."

हरिबा वळला. जाताना त्याची पाठ जराशी हलत होती, ती खोकल्यानं की कशानं हे कुणाला दिसलं नाही.

भिवराबाईला ह्या सगळ्याची किळस यायची. ती आणि सत्यभामा पंगतीतच असायच्या, कारण सावली तेवढीच होती. पण छबुबाई वाढत पुढं आली की भिवराबाई आपला दगड उलटा करून ठेवायची. एक दिवस पिंपाशी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुला लाज न्हाई का गं? माझ्या घरात मयत झालंय. सून शेजारी बसलीय. तिच्यापुढं खिदळताय."

छबुबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "लाज हाय की. पर भिवराबाई, मी गप बसले तर माझी माणसं माझ्यापुढं येऊन बसत्यात. एकामागून एक. समदी भुकेली. त्यांना काय वाढू? म्हून ह्यांना वाढते."

भिवराबाई वाकून पिंपातलं पाणी घेऊ लागली.

"आन् एक सांगू? तुझी सून बघती माझ्या हाताकडं. दुसरं कशाकडंबी बघत न्हाई ती. तू बघितलंस का?"

भिवराबाईनं बघितलं होतं. तिलाच ते मानायचं नव्हतं.

"बघती," ती म्हणाली.

"मंग मला वाढू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवराबाईनं सत्यभामेपुढं स्वतःच एक चपटा दगड सरकवला. फडक्यात भाकरीचा तुकडा नेहमीसारखाच गुंडाळलेला होता. ऊन डोक्यावर, बाभळीची सावली चाळणीसारखी. छबुबाई टोपलं घेऊन निघाली.

"आज पुरणपोळी हाय, मंडळी! रोज रोज लापशी खाऊन पाव्हणे कुरकुरायलेत, म्हून पुरण घातलं. सावकाश व्हू द्या!"

ती वाढत वाढत सत्यभामेपाशी आली. "घे गं पोरी. दोन घे. लेकुरवाळीला नको म्हणायचं न्हाई."

शब्द तोंडातून गेला आणि छबुबाईला कळलं आपण काय बोललो ते. तिचा हात तसाच राहिला. सत्यभामेनं मात्र दोन्ही खडे घेतले. एक पत्रावळीवर ठेवला. दुसरा तिनं तळहातावर क्षणभर धरला, पदराचं टोक ओढलं, त्यात तो खडा ठेवला आणि गाठ मारू लागली. लग्नाकार्यात पंगतीला बसलेली बाई घरच्या लेकरासाठी एखादा घास असाच पदरात बांधून नेते. कुणी तिला नावं ठेवत नाही. वाढणारी उलट वर आणखी थोडं घालते.

आश्रुबा व्याह्याचं तोंड करून अर्धवट उठला होता, तो तसाच खाली बसला. छबुबाईनं टोपलं जमिनीवर ठेवलं. तिला पुढं काय वाढायचं ते कळेना. सगळेजण भिवराबाईकडं बघू लागले, जसं काही हे तिच्या घरातलं असल्यानं तिनंच निस्तरायचं होतं.

भिवराबाईला सुनेच्या हातातून पदर ओढून घ्यावासा वाटला. अगं, तो न्हाई, त्याच्यावर मी ह्या हातानं खडी रचली, असं ओरडावंसं वाटलं. पण सत्यभामेची बोटं इतकं मन लावून गाठ मारत होती. इतक्या दिवसांत त्या बोटांनी दुसरं कुठलंच काम मन लावून केलं नव्हतं. आयुष्यात भिवराबाईनं कधी थट्टा केली नव्हती. करायची कशी हेही तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती घरात करवादायची तशी करवादली:

"येडी का खुळी तू? पोळी कशाला बांधतीस त्याला? दात कुठं आलेत त्या लबाडाला! बांधायची तर आमटी बांध, चाटंल तरी."



सत्यभामेनं मान वर केली. सासूकडं बघितलं. मग हातातल्या पदराकडं बघितलं, आणि पदरात बांधलेली आमटी तिच्या डोळ्यांपुढं आली असावी, कारण तिच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला. मग दुसरा. ती हसत होती. पदर तोंडाशी धरून, अंगाचं मुटकुळं करून हसत होती. छबुबाई हसली, आश्रुबा हसला, ओळच्या ओळ हसली. आणि हसता हसता सत्यभामेचा आवाज कधी फिरला ते कुणाला कळलं नाही. पोर गेलं त्या दिवशी जो हंबरडा फुटायला पाहिजे होता, तो आता फुटला. ती जमिनीवर कपाळ टेकून रडली. बायांनी तिला धरलं नाही. प्रत्येकीला आपापलं रडायला होतंच.

भिवराबाई तेवढी कोरडी बसून राहिली. आपण आपल्या नातवाची थट्टा केली, चार माणसांत केली, आणि लोक हसले.

हरिबानं ताटली वाजवली. सुट्टी संपली. माणसं डोळे पुसत उठली, पत्रावळी आणि पक्वान्नं ढिगांवर टाकली, आणि सडकेवर पुन्हा हातोड्यांचा आवाज सुरू झाला.

सत्यभामा बराच वेळ नुसती बसून होती. भिवराबाई आपल्या बाजूची खडी पायानं तिच्या बाजूला सारत होती, हरिबाचं लक्ष नाही असं बघून. मग सुनेचा आवाज आला, रडून बसलेला.

"आत्या."

"काय गं?"

"आलता एक."

"काय आलता?"

"दात. खालचा. हगवण लागायच्या आदी. पाजताना लागला मला."

भिवराबाईची हातोडी वरच राहिली. "मला न्हाई बोललीस."

"पुरता वर आला की दावणार व्हते. म्हणलं, तुमालाच दिसू द्यावा. तुमी बोट घालून बघाल अन् तो चावंल, मंग तुमी वराडाल..." बोलता बोलता तिनं फडकं सोडलं होतं. तुकडा मोडला, तोंडात घातला. कोरडी भाकरी गिळता येईना, म्हणून तांब्यातल्या पाण्यात बुडवली. "तांदळाच्या कणीएवढा व्हता. पांढरा."

"कंच्या बाजूचा?"

सत्यभामेनं घास चावत आपल्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. मग आणखी एक तुकडा मोडला. पोर चावायचं कसं, दूध पिता पिता मधेच थांबून आईकडं बघायचं कसं, ते ती सांगत राहिली, तोंडात घास तसाच ठेवून. भिवराबाई मान हलवत होती. जो दात तिनं कधी बघितला नाही, तो आता तिला रोज दिसणार होता. बैल घेऊन आसाराम येईल तेव्हा त्याला पोर गेल्याचं सांगायचं होतंच, आता ह्या दाताचंही सांगावं लागणार होतं.

"खा," ती म्हणाली. "सांग अन् खा."

पलीकडून हरिबा येताना दिसला, तशी तिनं हातोडी खाली आणली आणि सुनेच्या बाजूचा दगड फोडायला घेतला.