हाळीआधीचा श्वास

"दूध असं एकाच जागी दगड होऊन बसतंय व्हय? दाखवून ये की," मायाक्कानं सुनेला सांगितलं होतं. प्रियदर्शनीनं बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि "काही नाही हो आत्या" म्हणून विषय मिटवला. बी.एस्सी. झालेली सून, दुधाची गाठ म्हणजे काय ते तिनं मोबाइलवर वाचलं होतं. लेकीला जरा कणकण वाटली की तासातासाला ताप मोजणारी, भाताचं शीत न् शीत चिरडून भरवणारी ही बाई स्वतःच्या गाठीकडं चार महिने बघायला तयार नव्हती.

गाठ दुधाची नव्हती. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. लेक दीड वर्षाची झाली तेव्हा रेडिएशनची पाळी आली. नवऱ्यानं, भारतनं, टेंभुर्णीहून येऊन सोलापुरात हॉस्पिटलजवळ महिन्यासाठी खोली घेतली, आणि सासू, सून, नात तिघी तिथं राहू लागल्या.

तिथं सिद्धेश्वरी मॅडम भेटल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. मेडिकल फिजिसिस्ट होत्या. किरण किती द्यायचे, कुठून द्यायचे, याची आखणी त्यांच्याकडं. पेशंट यायच्या आधी, सकाळी सातला येऊन त्या मशीन तपासायच्या. बारा वर्षं हेच. त्यांचे वडील ईरप्पा अक्कलकोटला दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, माझी लेक मशिनीची डॉक्टर हाय. मशीन कधी आजारी पडती का, असं कुणी चिडवलं तर म्हणायचे, पडू देत नाही म्हणूनच तर ठेवलीय.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. डाव्या बाजूला किरण देताना काळीज अगदी जवळ असतं. छाती भरून श्वास घेतला की फुफ्फुस फुगतं आणि काळीज किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं. म्हणून पोटावर एक डबी ठेवायची, समोरच्या पडद्यावर हिरवा पट्टा दिसतो, श्वास घेऊन रेघ त्या पट्ट्यात आणायची आणि वीस सेकंद धरून ठेवायची. पाठ मात्र टेबलावरून हलवायची नाही. काही बायकांना हे सहज जमतं, काहींना आठवडाभर शिकवूनही जमत नाही. ते का, याचाच त्या सहा वर्षं अभ्यास करत होत्या.

चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी प्रियदर्शनी जागरणानं पार गळून गेली होती. लेक रात्रभर खोकत होती. श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. जमलं नाही तर उपचार थांबवतील, पुण्याला पाठवतील, मग लेकीचं काय, हे एकच डोक्यात. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, पाठ जराशी उचलली तरी डबी वर येते. रेघ हिरव्यात गेली.

किरण सोडण्याआधी फोटो घेतात. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मॅडमनी स्पीकरवरून विचारलं, श्वास नीट येतोय ना? ती हो म्हणाली. मग जाड दार उघडलं आणि मॅडम स्वतः आत आल्या. पडद्यावर रेघ बरोबर होती, पण फोटोत काळीज जागचं हललं नव्हतं. त्यांनी तिच्या पाठीखाली हात सरकवला. हात आरपार गेला.

"मी परत विचारते," त्या हळूच म्हणाल्या. "येतोय का?"

"नाही येत," प्रियदर्शनी म्हणाली, आणि रडायला लागली. "पाठ उचलते मी. मला घालवू नका इथून."

मॅडम रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. सहा वर्षं मी वहीत सेकंद मोजत बसले, पण घाबरलेली बाई काय करते ते एकीनंही सांगितलं नव्हतं, म्हणाल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी बाहेर बसलेल्या मायाक्काला आत बोलावलं. नात हॉस्पिटलच्या मावशीबाईंच्या कडेवर देऊन मायाक्का आली, सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली,

"तुज्या बापाची मेंढरं व्हती न्हवं? लांबच्या मेंढराला हाळी द्यायच्या आदी कशी छाती भरून घेतीस? तशी घे. फकस्त हाळी देऊ नगंस."

प्रियदर्शनीला रडता रडता हसू आलं. तिनं डोळे मिटले. लहानपणचा माळ, ओढ्यापलीकडं गेलेला कळप. श्वास आपोआप खोल उतरला. मॅडमचा हात पुन्हा पाठीखाली होता, आता तो टेबलाशी दाबला गेला. मॅडम मायाक्काला घेऊन बाहेर गेल्या, दार लागलं. नवा फोटो घेतला. काळीज बाजूला सरकलं होतं. मॅडम मायाक्काला घेऊन बाहेर गेल्या, दार लागलं. एकवीस सेकंद.

शेवटच्या दिवशी तिनं डॉक्टरांना पेढे दिले, मग भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन मॅडमना. त्या संकोचल्या, तिथवर सहसा कुणी येत नाही. आता त्या प्रत्येकीच्या पाठीखाली हात घालून बघतात, आणि प्रत्येकीला विचारतात, बाई, तुम्ही लांबच्या माणसाला हाक कशी मारता? नव्या लेखात त्यांनी ते लिहिलंय, मायाक्काला विचारून. मायाक्का म्हणाली, लिवा की, माजं काय जातंय.

प्रियदर्शनीची लेक आता पळते. तिच्यामागं पळताना आईला धाप लागते, पण ती नेहमीची, कुणाच्याही आईला लागते तशी.

तुमच्या घरात, शेजारी, अंगावर पाजणारी कुणी असेल तर आज तिच्याकडं जाऊन या. बरं आहे ना, विचारा. काही नाही म्हणाली तर तिथंच थांबू नका, परत एकदा विचारा. आणि तिचं बाळ तासभर तुम्ही घ्या, म्हणजे ती दाखवून येईल.