पालकांची परवानगी

लेकीच्या फोनवर फिल्टर बसवल्यापासून शिंपीणबाईंच्या जिवाला चैन पडत नव्हती. लेकीने नको ते उघडलं, की आईच्या फोनवर सूचना यायला हवी होती. आठवडा झाला, एकही नाही! एवढी गुणाची कधीपासून झाली ही? त्यांचा पाय मशिनवर आणि डोळा फोनवर.

दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून त्यांनी दार लोटलं. सकाळी अंघोळ करताना हाताला जे लागलं होतं, ते भीतभीत फोनवर शोधलं: स्तनातली गाठ.

पडद्यावर लाल पाटी आली. 'हे मुलांसाठी नाही. तुमच्या पालकांकडे परवानगी मागितली आहे.'

"मेल्या, पालक मीच आहे ना!" त्या फोनवर खेकसल्या आणि लगेच त्यांची नजर कव्हरवर गेली. दोन्ही फोनना त्यांनीच एका तुकड्यातून सारखी कव्हरं शिवली होती. त्या दिवशी घाईघाईत 'पालक' लेकीच्या फोनवर दाबलं गेलं होतं, आणि 'मूल' स्वतःच्या.

आतल्या खोलीतून लेक फोन घेऊन बाहेर आली. तिचा आवाज थेट आईचा होता.

"परवानगी मिळणार नाही. वाचत बसायचं नाही. चप्पल घाल, डॉक्टरकडे जायचंय."